प्रतिसादाचे वाचन : स्वामीमलै, तंजावरी कीर्तन आणि विद्यार्थ्यांची गीतचित्रफीत

प्रेक्षकांच्या प्रतिसादातून निर्माता नेमके काय शिकतो, हा प्रश्न वरकरणी दिसतो तितका सरळ नाही. इंग्लंडमधील एका परीक्षामंडळाच्या माध्यमशिक्षणाच्या अभ्यासक्रमात २००८ पासून सुमारे दहा वर्षे विद्यार्थ्यांना गीतचित्रफीत किंवा तत्सम माध्यमकृती सिद्ध करून अखेरीस चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. त्यांपैकी एक प्रश्न हाच होता. त्याचे सोपे उत्तर म्हणजे पसंतीची बेरीज : किती जणांना कृती आवडली, किती जणांना नाही. परंतु अशी बेरीज कृतीच्या लोकप्रियतेविषयी काही सांगत असली, तरी तिच्या अर्थाविषयी फारसे सांगत नाही. प्रतिसाद हीदेखील एक संहिता आहे आणि तिचे वाचन करावे लागते, ही भूमिका प्रस्तुत लेखात कावेरीकाठच्या काही उदाहरणांच्या आधारे मांडली आहे.

या भूमिकेला सैद्धांतिक पूर्वपीठिका आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्त्स येथील व्याख्यानात वाङ्मयेतिहासाची मांडणी वाचकाच्या अपेक्षाक्षितिजाच्या अंगाने करावी असे सुचविले. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात संकेतन आणि विसंकेतन या दोन क्रियांमधील अंतर दाखविले. मराठी परंपरेला हा विचार अपरिचित नाही. ‘ज्ञानेश्वरी’त श्रोत्यांचे अवधान हा निरूपणाचा एक घटकच आहे, वक्ता त्याची याचना करतो आणि त्यानुसार आपले बोलणे आवरतो वा विस्तारतो. तथापि, अवधान मिळाले म्हणजे अभिप्रेत अर्थ पोचलाच असे नव्हे.

हे अंतर स्पष्ट करण्यासाठी स्वामीमलैचे उदाहरण उपयुक्त ठरते. तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमच्या पश्चिमेस असलेले हे क्षेत्र मुरुगनच्या सहा प्रमुख स्थानांपैकी चौथे मानले जाते. पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ शिकविला आणि तो ऐकण्यासाठी साक्षात शिवाने शिष्यत्व पत्करले, अशी येथील कथा आहे. ‘स्वामिनाथ’ हे नाव त्यावरूनच आले. मंदिराच्या साठ पायऱ्यांना तमिळ कालगणनेतील साठ वर्षांची नावे आहेत. समजा, विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाने या क्षेत्रावर गीतचित्रफीत केली आणि ती कुंभकोणम व पुणे अशा दोन ठिकाणी दाखविली. पायऱ्या चढणाऱ्या भाविकांच्या दृश्यात तमिळ प्रेक्षकाला संवत्सरांचे चक्र सहज जाणवू शकेल. मराठी प्रेक्षकाच्या पंचांगातही प्रभव, विभव अशी तीच साठ नावे आहेत. परंतु ती पडद्यावर उच्चारली गेली नाहीत, तर त्याच्या लेखी त्या केवळ पायऱ्याच राहतील. उलट, दर्शनाच्या रांगेतील स्त्रिया पाहून तो थबकण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील रूढ समजुतीनुसार कार्तिकस्वामी ब्रह्मचारी असून स्त्रिया त्याचे दर्शन टाळतात. तमिळ प्रदेशातील मुरुगन मात्र वल्ली आणि देवसेना यांचा पती आहे. दिग्दर्शकाच्या दृष्टीने अगदी सामान्य असलेले दृश्य अशा रीतीने एका प्रेक्षकवर्गासाठी सर्वांत लक्षवेधी ठरते. ‘आवडले का?’ या प्रश्नातून हे कधीच कळणार नाही. ‘काय पाहिलेत ते सांगा’ असे विचारल्यास कळेल. पुनर्कथनात जे गळते आणि जे अनपेक्षितपणे येते, त्यातच शिकण्याजोगा मजकूर असतो.

याच जिल्ह्याच्या इतिहासात अशा शिकण्याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आढळते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या तंजावरच्या राज्यात रामदासी मठांबरोबर मराठी कीर्तनही रुजले. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूनंतर राज्य संपले आणि मराठी जाणणारा दरबारी श्रोतृवर्ग विरळ होत गेला. मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्या कीर्तनकारांची कीर्तने ऐकलेल्या तंजावर कृष्ण भागवतर (निधन १९०३) यांनी जो कथाप्रकार घडविला, तो तमिळ प्रदेशात हरिकथा किंवा कथाकालक्षेप या नावाने प्रतिष्ठा पावला. त्यांच्यासमोरचा बहुसंख्य श्रोता मराठी जाणणारा नव्हता. निरूपणाची भाषा तमिळ झाली, कर्नाटक संगीतातील रचना कथेत आल्या. मात्र साकी, दिंडी, ओवी, अभंग हे बंध टिकले, आणि तमिळ रचनाही त्या बंधांत होऊ लागल्या. चिपळ्याही राहिल्या.

हा बदल श्रोत्यांच्या प्रतिसादाचा लेख म्हणून वाचता येतो. मराठी शब्द श्रोत्यांना अर्थवाही राहिला नाही. पण दिंडीची चाल कथेला गती देते, साकीमुळे प्रसंग थोडक्यात पुढे सरकतो, हे त्यांच्या कानाने ओळखले. कीर्तनकाराला जे घटक परस्परांपासून अविभाज्य वाटत होते, त्यांपैकी कोणते सुटे होऊ शकतात, हे श्रोत्यांनी दाखवून दिले. भाषांतराच्या अभ्यासकाला येथे एक महत्त्वाची सूचना मिळते : भाषा गेली तरी बंध प्रवास करू शकतो, आणि त्याची निवड अनेकदा ग्रहण करणाऱ्याच्या बाजूने होते.

कीर्तन आणि चित्रफीत यांत एक मूलभूत भेदही आहे. कीर्तनकार उद्याच्या कीर्तनात आजची चूक सुधारू शकतो. पूर्ण झालेली चित्रफीत मात्र प्रत्येक प्रेक्षकासमोर तशीच उभी राहते. या संदर्भात स्वामीमलैच्याच धातुमूर्तिकारांची पद्धत बोधप्रद आहे. येथील स्थपती प्रथम मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतात, साचा तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावा लागतो. प्रमाणातील दोष मेणात असेपर्यंत सहज दुरुस्त होतो. ओतकामानंतर छिन्नीने तपशील उठाव घेतो, मूळ ठेवण बदलत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातही कच्च्या संकलनाच्या टप्प्यावर घेतलेला प्रतिसाद रचनेला उपयोगी पडतो. अंतिम प्रदर्शनानंतरचा प्रतिसाद पुढील कृतीसाठी असतो. बहुतेक प्रकल्पांत तो केवळ दुसऱ्या टप्प्यावर घेतला जातो आणि मग त्याला समर्थनाचे रूप येते.

प्रत्येक प्रतिसाद स्वीकारावा, असा याचा अर्थ नव्हे. गोपालकृष्ण भारती यांनी ‘नंदनार चरित्रम्’मध्ये ‘पेरियपुराणम्’मध्ये नसलेला ब्राह्मण जमीनदार आणला. मूळ कथेपासूनचे हे अंतर आणि भाषेतील व्याकरणदोष यांमुळे विद्वान मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांनी प्रारंभी त्या कृतीला अनुकूलता दर्शविली नाही. सामान्य श्रोत्यांनी मात्र ती आपलीशी केली. पुढे सी. सरस्वतीबाई हरिकथा करू लागल्या, तेव्हा स्त्रीने हे आसन घेण्यास पुरुष भागवतरांचा विरोध झाला. त्यांनी तो जुमानला नाही, आणि स्त्रियांसाठी हे क्षेत्र खुले झाले. दोन्ही प्रसंगी प्रतिसाद परस्परविरोधी होते. कोणाचा प्रतिसाद कृतीच्या अर्थाविषयी आहे आणि कोणाचा स्वतःच्या अधिकाराविषयी, हा विवेक निर्मात्यालाच करावा लागतो. बहुमताने तो सुटत नाही.

तेव्हा विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात प्रतिसादाविषयीच्या उत्तराला तीन कसोट्या लावता येतील : प्रेक्षकांनी कृती कशी पुन्हा सांगितली, त्यातून कोणता घटक सुटा झाला, आणि कोणती सूचना कोणत्या कारणाने नाकारली. पसंतीचा आकडा या तिन्हींनंतर येतो. स्वामीमलैच्या कथेत शिवाला अर्थ मिळाला तो शिष्याच्या जागी बसल्यावर. पण ऐकलेले तपासण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. तंजावरच्या कीर्तनपरंपरेने या दोन्ही गोष्टी पार पाडल्या, म्हणूनच मराठी न समजणाऱ्या सभेतही दिंडी ऐकू येत राहिली.