कागद कोणी मागितला होता?

सप्टेंबर 2023 पासून मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांतल्या अभिलेख कक्षांना अचानक महत्त्व आलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं लाल फडक्यात बांधून ठेवलेली बाडं उघडली. काय काय धुंडाळायचं याची यादी वाचण्यासारखी होती. खासरा पत्रकं, पहाणी पत्रकं, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे हे तर होतंच; पण कारागृहांची दप्तरं, उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यांच्या वह्या आणि पोलिसांचे अटक पंचनामेही त्यात होते. ज्याच्या अटकेचं नाव घरात चार पिढ्या कोणी काढलं नाही, त्या पणजोबाच्या पंचनाम्याची नक्कल आता नातू कौतुकानं मागायला लागले. ऑक्टोबर 2023 अखेरच्या पहिल्या अहवालानुसार सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या आणि त्यांत कुणबी असा उल्लेख असलेल्या 11,530 सापडल्या.

मराठा आरक्षणाच्या वादात मला इथं शिरायचं नाही. माझं कुतूहल उरलेल्या नोंदींविषयी आहे. त्या एका शब्दासाठी पान उघडलं गेलं, तो नव्हता म्हणून मिटलं गेलं. पानावर माणसांची नावं होती, त्यांच्या बापांची होती, जमिनीचे गट होते, कधी मृत्यूचं कारणही होतं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सामान्य शेतकरी घरांनी आपल्या पूर्वजांचे कागद हाताळल्याची दुसरी वेळ मला आठवत नाही. आणि तरीही घराण्याचा इतिहास त्यातून फारसा लिहिला गेला नाही.

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर करमाड आहे. एका अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला रेल्वे स्थानक आणि मधे झपाट्यानं बदललेलं शिवार. या पट्ट्यातलं एखादं शेतकरी घर नमुन्याला घेऊ. त्याला आपला इतिहास लिहायचा आहे. कुठून सुरुवात करायची?

आजच्या सातबाऱ्यावरून मागे जायचं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे घरातली एक घटना: कोणी वारलं, वाटणी झाली, तुकडा विकला, बोजा चढला. ते क्रमानं वाचत गेलं की पन्नास-साठ वर्षांची गोष्ट आपोआप लागते. त्यामागं पहाणी पत्रकं आणि त्याही मागं 1954-55 चं खासरा पत्रक. मराठवाड्यात जमिनीच्या भांडणात वकील पहिल्यांदा खासरा मागतात, कारण संस्थान विलीन झाल्यावर आणि कूळकायदा आल्यावर जमीन प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात होती हे त्यात सापडतं. घराण्याचा शोध घेणाऱ्यालाही हाच उंबरठा. इथपर्यंतचा रस्ता मराठीतला असतो. पुढे भाषा बदलते.

हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा आधी फारसी होती, 1884 च्या सुमारास उर्दू झाली. गावपातळीवर मात्र कुलकर्ण्याची लेखणी मोडीत चाले. त्यामुळे एकाच घराची एकाच वर्षाची हकिकत गावच्या वहीत मोडीत, तालुक्याच्या दप्तरात घाईच्या उर्दू अक्षरात अशी दोन ठिकाणी सापडू शकते. आज या दोन्ही लिप्या सराईतपणे वाचणारा माणूस मिळणं दुर्मीळ. बहुतेकांना दोन वेगळ्या वाचकांकडे जावं लागतं आणि दोघांनी लावलेली नावं जुळवत बसावं लागतं. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे मराठी आडनावं आणि गावांची नावं अंदाजानंच लावायची. गावाचं शिवार ठाऊक असलेला म्हातारा शेजारी बसलेला असेल तर काम निम्मं होतं.

कालगणनेचीही गंमत आहे. निजामी कागदांवर फसली साल असतं आणि महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून आजूर, दै, बहमन या तीन महिन्यांसाठी फसली सालात साधारण 590 मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी 591. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान संपलं तेव्हा 1357 फसलीचा शेवटचा महिना, आबान, चालू होता. एवढं गणित पाठ नसल्यामुळे कितीतरी घरांच्या वंशावळींत सालं एखाद्या वर्षानं चुकलेली दिसतात.

खासऱ्याच्या मागं जाताना दुसरी अडचण येते: गाव कोणाचं होतं? दिवाणीतलं, म्हणजे सरकारच्या थेट अमलाखालचं असेल तर दप्तर महसूल खात्यात. सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीचं असेल तर वेगळी कचेरी. जहागिरीचं असेल तर हिशेब जहागिरदाराच्या कारभाऱ्याकडे. 1949 साली जहागिरी गेल्या तेव्हा त्यांच्या सगळ्याच वह्या नीट सुपूर्द झाल्या असतील असं मानण्याचं कारण नाही. दोन शेजारच्या गावांत एकाचा माग पाच पिढ्या लागतो आणि दुसऱ्याचा तीन पिढ्यांत संपतो, याचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. घराण्याच्या थोरपणाशी त्याचा संबंध नाही.

आणखी मागचं म्हणाल तर ते औरंगाबादेत राहिलंच नाही. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातल्या दख्खनच्या मोगल कारभाराचे फारसी कागद शहरातल्या किल्ले अर्कात होते. 1916 साली ते हैदराबादला नेले गेले. त्यांतले शहाजहानच्या काळातले निवडक कागद 1950 साली तिथल्या दफ्तर-ए-दिवानीनं प्रसिद्ध केले. हजारो कागदांत मनसबदार आहेत, घोड्यांची मोजदाद आहे, पगाराच्या बाक्या आहेत. नांगर धरणारा त्यात नाही. त्याच्याकडून सारा घेतला जाई, त्याचं नाव विचारण्याची दिल्लीला गरज नव्हती.

मला वाटतं, घराण्याचा इतिहास लिहिताना हाच प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावा. हा कागद कोणी मागितला होता आणि कशासाठी? सामान्य माणसाची वंशावळ हौसेनं लिहिलेली क्वचितच सापडते. कोणीतरी दारात येऊन सिद्ध कर म्हटलं की ती लिहिली जाते.

राजघराणीही याला अपवाद नाहीत. करमाडच्या वायव्येला, याच जिल्ह्यात, वेरूळ आहे. तिथल्या पाटीलकीवाल्या भोसल्यांच्या घरात मालोजी आणि विठोजी झाले. 1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ठरला तेव्हा क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला आणि भोसल्यांचं कूळ उदयपूरच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ पुढे आली. तिच्या खरेपणावर इतिहासकारांचे वाद आजही आहेत. पुढे याच कुळाची एक शाखा तंजावरला गेली. तिथल्या सरफोजीराजांनी 1803 साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. राज्याची सत्ता तेव्हा इंग्रजांकडे गेलेली होती. सत्ता हातात असताना ज्या घराला इतिहास कोरायची घाई नव्हती, त्यानं ती गेल्यावर भलामोठा शिलालेख कोरला, हे मला त्यातल्या मजकुराइतकंच बोलकं वाटतं.

पाटीलकी नसलेल्या घरांनी मात्र आपली नोंद दुसऱ्या रीतीनं ठेवली. सुतक हे त्याचं सर्वांत भक्कम साधन. भावकीत कोणी गेलं तर कोणाकोणाच्या घरी सुतक धरायचं हे गावात अजून बिनचूक ठाऊक असतं. दोन घरांमधला नेमका दुवा, म्हणजे कोणत्या पिढीत भाऊ वेगळे झाले, हे कोणाला सांगता येत नाही. पण सुतक धरलं जातं. शोध घेणाऱ्यानं गावात गेल्यावर ‘तुमचं आमचं नातं काय’ असं विचारण्याऐवजी ‘आपल्याला सुतक कोणाकोणाचं येतं’ असं विचारावं. अर्ध्या तासात भावकीचा नकाशा कागदावर उतरतो.

देवघरातले टाक पाहावेत. खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी काही घरांत वीराचा टाक असतो, घोड्यावर बसलेला किंवा हातात शस्त्र घेतलेला. तो घरातला कोणी अवेळी गेलेला पूर्वज. नाव विसरलेलं असतं, टाक मात्र दसऱ्याला घासूनपुसून पूजला जातो. कुलदैवताचं ठाणंही तपासावं. घर करमाडच्या बाजूला आणि कुलदैवत चार तालुके पलीकडच्या एखाद्या आडगावात असेल, तर घर कधीतरी तिथून उठून आलं असण्याची शक्यता बरीच असते.

आणि तीर्थोपाध्यांच्या वह्या. पैठण, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या उपाध्यांकडे गाव आणि आडनावाच्या अनुक्रमानं यजमानांच्या नोंदी असतात. कोण आला, बापाचं नाव, बरोबर कोण, कशासाठी. पणजोबाची सही किंवा अंगठा तिथं भेटू शकतो. हरिद्वार आणि उत्तरेतल्या इतर तीर्थांवरच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या यूटा इथल्या वंशावळ संस्थेनं घेऊन ठेवली आहेत. आपल्याकडे त्या अजून बऱ्याचशा घरगुती कपाटांतच आहेत आणि पुढची पिढी हा व्यवसाय सोडून शहरात गेली की त्यांचं काय होणार, याची चिंता मला वाटते. दक्षिणा देऊन पान पाहता येतं. फोटो काढू देतीलच असं नाही, तर वही-पेन जवळ ठेवावं.

सन-तारखा घरात मिळत नाहीत. मिळतात ते प्रसंग. ‘रझाकाराच्या साली ही पोटात होती’, ‘थोरला सुकडीच्या साली शाळेत घातला’. सुकडीचं साल म्हणजे 1972 चा दुष्काळ. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे विसावं शतक उजाडताना या भागातून गेली. करमाडसारख्या स्थानकाजवळच्या गावांत ‘आगगाडी आली तेव्हा’ ही हद्द धरून मागचं पुढचं लावता येतं. अशा वाक्यांना थेट साल चिकटवू नये. सांगणारीचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि समासात आपला अंदाज, पेन्सिलीनं.

ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्यासाठी वरचा खासऱ्याचा रस्ता बंद आहे. त्यांच्याबाबत गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचं रजिस्टर एवढंच बहुधा हाती लागतं. कोतवाल बुकात जन्म लिहिला जातो, बाळाचं नाव मात्र नसतं. बारसं व्हायचं असतं. अमक्याला मुलगा, तमक्याला मुलगी. अनेक दलित घरांत लेखी इतिहास सुरू होतो तो पहिल्यांदा शाळेत गेलेल्या मुलापासून, आणि औरंगाबादेत 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं काढलेल्या महाविद्यालयापर्यंत तो थेट जातो. फिरस्त्या जमातींकडे तेवढंही नाही आणि कायदा त्यांच्याकडून पुरावा मागतो 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. इतर मागासवर्गासाठी ही तारीख 13 ऑक्टोबर 1967 आहे. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला, पण गॅझेटियरात जातीनिहाय आकडे असतात, माणसांची नावं नसतात. म्हणून त्या निर्णयानं गावपातळीवरची समिती आणि कुळातल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणली. फिरून गाडी भावकीच्या तोंडी साक्षीवरच आली.

या सगळ्यात बाया कुठे आहेत?

निजामी कागदांत पुरुष ‘वल्द’ लावून येतो: अमका वल्द तमका. बाई येते ती बहुतेक ‘बेवा’ म्हणून, नवरा मेल्यावर. नंतरच्या मराठी उताऱ्यांत ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, लावून. बापाचं नाव नाही, माहेरचं गाव नाही. त्यात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची चाल, त्यामुळे माहेरच्या शाळेच्या रजिस्टरातली मुलगी आणि सासरच्या उताऱ्यावरची बाई एकच, हे सिद्ध करायला कागद सापडत नाही. तिचं माहेर जिथं खरोखर नोंदलं गेलं ते जात्यावर. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या अकराशेहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत मराठवाड्यातल्याही आहेत. बायकांनी भावाचं नाव, माहेरची वाट, गावची वेस त्यात गुंफलेली आहे. घरातली म्हातारी ओवी म्हणत असेल तर आधी ती फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या; फेरफार उद्याही मिळेल.

एकाच घराच्या दोन वंशावळी समोरासमोर ठेवल्या तर हे आणखी स्पष्ट होतं. जात पडताळणीसाठी केलेली वंशावळ बापाच्या बाजूनं वर जाते. मुली त्यात सहसा गळतात, कारण तिथं त्यांचा उपयोग नसतो. वारसनोंदीसाठी केलेल्या वंशावळीत त्या हजर असतात, कारण महाराष्ट्रानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला आणि तिला वगळून नोंद टिकत नाही. करमाड-शेंद्रा पट्ट्यात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी जमिनी गेल्या, मावेजा आला. अशा वेळी वर्षानुवर्षं दिवाळीच्या साडीपुरत्या आठवणाऱ्या बहिणींचे पत्ते घरोघर शोधावे लागतात.

त्या पत्त्यांतून जो कागद तयार होतो तो म्हणजे हक्कसोड पत्र. बाईचं पूर्ण नाव, वय, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, भावांशी नातं, सही किंवा अंगठा आणि हल्ली फोटोही. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातल्या बाईची इतकी सविस्तर नोंद दुसऱ्या कुठल्या कागदात मी पाहिलेली नाही, आणि ती केली जाते तिनं आपला वाटा सोडावा म्हणून. ही पत्रं दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेली असतात. गाव आणि साल ठाऊक असेल तर सूचीत शोध घेता येतो, फी भरली की नक्कल मिळते. आत्याचं नाव कोणाला आठवत नसेल तर तिथून सुरुवात करावी.