मोटारीच्या काचेवरील पटल : ऊन अडवावे, उजेड नव्हे

वैशाखातल्या दुपारी नागपूर किंवा जळगावच्या बाजारपेठेत दोन-अडीच तास उन्हात उभी राहिलेली मोटार उघडताना जो अनुभव येतो, त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. दार उघडताच भट्टीच्या तोंडातून यावी तशी झळ अंगावर येते, स्टिअरिंगला हात लाववत नाही, आणि बैठकीवर बसविलेले मूल चटका बसल्यासारखे उठते. अशा वेळी कुटुंबप्रमुखाच्या मनात पहिला विचार येतो तो काचा काळ्या करून घेण्याचा. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. जितका अंधार अधिक तितका गारवा अधिक, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग पैशाची हानी करतो, कायद्याच्या कचाट्यात सापडवितो, आणि प्रसंगी रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवावरही बेततो.

सूर्याकडून पृथ्वीवर येणारी किरणे तीन प्रकारची असतात. पहिली दृश्य किरणे, म्हणजे ज्याला आपण उजेड म्हणतो ती. दुसरी अवरक्त किरणे. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्वचेला त्यांची ऊब जाणवते. तिसरी अतिनील किरणे. तीही अदृश्यच, आणि त्वचा रापणे, बैठकीचे कापड विटणे, डॅशबोर्डला तडे जाणे ही त्यांची करणी. जमिनीवर पोहोचणाऱ्या एकंदर सौर शक्तीपैकी सुमारे निम्मी शक्ती अवरक्त किरणांत असते, चाळीस टक्क्यांहून थोडी अधिक दृश्य प्रकाशात असते, आणि अतिनील किरणांच्या वाट्याला अवघे काही टक्के येतात. म्हणजे गाडी तापविणारी निम्मी शक्ती मुळात उजेडच नव्हे. तेव्हा काचेने ही अदृश्य किरणे परतवून लावली आणि उजेड मात्र आत येऊ दिला, तर दृष्टीला बाध न येता उष्णतेचा मोठा भाग टळतो. पटलाच्या निवडीचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

काच उष्णतेला आत घेते पण बाहेर सोडत नाही, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. उन्हाची किरणे काचेतून आत जातात आणि बैठका, डॅशबोर्ड व पायपुसणी यांवर पडून त्यांना तापवितात. तापलेल्या या वस्तू जी दीर्घ लहरींची उष्णता बाहेर टाकतात, तिला काच वाट देत नाही. शिवाय गाडीतली हवा कोंडलेली असल्यामुळे वाऱ्याने निवण्याची सोय उरत नाही. त्यामुळे बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढू शकते.

आता पटलांचे प्रकार. बाजारात ज्याला नुसते ‘फिल्म’ किंवा ‘सनफिल्म’ म्हणतात, ते पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ थरांचे बनलेले असते. एका अंगाला चिकटद्रव्य आणि त्यावर सोलून टाकावयाचा कागदासारखा पदर, तर दुसऱ्या अंगाला ओरखडे न उठावेत म्हणून दिलेला कठीण लेप, अशी त्याची रचना असते. सर्वांत स्वस्त पटल हे रंगविलेले असते. त्यातला रंग उजेड शोषून घेतो, स्वतः तापतो, आणि त्या उष्णतेचा काही भाग पुन्हा गाडीच्या आतच सोडतो. गाडी धावत असताना बाहेरच्या वाऱ्याने काच निवते म्हणून हा दोष फारसा जाणवत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मात्र तो लक्षात येतो. शिवाय काही वर्षांत हा रंग उडून पटलाला जांभळट छटा येते. जुन्या गाड्यांच्या मागील काचांवर दिसणारा तो फुगलेला जांभळा पापुद्रा याच जातीचा.

दुसरा प्रकार धातूच्या सूक्ष्म थराचा. हा थर ऊन आरशाप्रमाणे परतवितो, म्हणून उष्णतेच्या बाबतीत तो रंगीत पटलाहून सरस ठरतो. पण धातू बिनतारी लहरींनाही अडवितो. पथकर नाक्यावर फास्टॅग वाचला न जाणे, मोबाईलचे संदेशवहन क्षीण होणे, वाट दाखविणारे यंत्र अडखळणे, असे उपद्रव त्यातून उद्भवू शकतात. तिसरा प्रकार कार्बनचा. तो सहसा विटत नाही आणि लहरींनाही अडवीत नाही. चौथा आणि सर्वांत महाग प्रकार सिरॅमिकचा. यातील अतिसूक्ष्म कण अवरक्त किरणांना निवडून अडवितात आणि दृश्य प्रकाशाला बऱ्याच अंशी मोकळी वाट देतात. म्हणूनच जवळजवळ पारदर्शक दिसणारे चांगले सिरॅमिक पटल हे काळ्याकुट्ट स्वस्त पटलापेक्षा गाडी अधिक थंड ठेवू शकते. काळेपणा हा थंडाव्याचा मापदंड नव्हे, हे यावरून उघड होते.

दुकानात गेल्यावर गिऱ्हाइकापुढे टक्केवारीचे अनेक आकडे मांडले जातात. त्यांपैकी तीन आकड्यांचा अर्थ कळला म्हणजे पुरे. पहिला आकडा दृश्य प्रकाश किती आत येतो याचा. दुसरा अवरक्त किरणे किती अडतात याचा. तिसरा एकंदर सौर शक्तीपैकी किती शक्ती परतविली जाते याचा. विक्रेता बहुधा दुसरा आकडा पुढे करतो, कारण तो दिसायला भारदस्त असतो. पण अवरक्त किरणांचा पट्टा विस्तीर्ण आहे, आणि त्यातल्या एखाद्याच सोयीच्या लहरीवर मोजून नव्वदीच्या पुढचा आकडा सांगता येतो. काचेच्या तुकड्यामागे दिवा लावून ‘हात ठेवून पाहा’ म्हणण्याचा प्रयोगही असाच. त्या दिव्याची शक्ती मुख्यत्वे अवरक्त असते, सूर्याची तशी नसते. प्रामाणिक आकडा तिसरा होय. दोन पटलांची तुलना करावयाची, तर ती या आकड्यावरून करावी.

परंतु पहिल्या आकड्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण कायद्याची नजर त्याच्यावर आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमानुसार पुढील आणि मागील काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. 2012 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा अर्थ अधिक कठोर केला. काळ्या काचांच्या आड घडणारे गुन्हे लक्षात घेऊन, काच कारखान्यातून जशी येते तशीच असली पाहिजे आणि तिच्यावर मागाहून कोणतेही पटल किंवा अन्य वस्तू लावता येणार नाही, असा तो आदेश होता. त्यानंतर शहरोशहरी वाहतूक पोलिसांनी चौकात गाड्या थांबवून पटले सोलून काढली, ते दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल.

पुढे नियमातच बदल झाला. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘सुरक्षा-काच’ या शब्दाच्या जोडीला सुरक्षा-ग्लेझिंग ही संज्ञा आली, आणि भारतीय मानकाप्रमाणे तिच्यात आतील अंगास प्लॅस्टिकचे पटल असलेली काचही मोडते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने 2024 च्या सप्टेंबरमध्ये असा निर्णय दिला, की 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणारे पटल लावल्याबद्दल वाहनमालकास दंड करता येत नाही. मात्र एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय त्या राज्यात बंधनकारक असतो. इतरत्र त्याला वजन असते, सक्ती नसते. म्हणून महाराष्ट्रातल्या गृहस्थाने पैसे खर्चण्यापूर्वी आपल्या शहराच्या वाहतूक शाखेत चौकशी करावी हे शहाणपणाचे.

येथेच एका साध्या त्रैराशिकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नियम काच आणि पटल मिळून किती उजेड येतो ते पाहतो. नुसत्या पटलाचा आकडा पाहत नाही. गाडीची काच मुळातच पूर्ण पारदर्शक नसते. कित्येक गाड्यांची काच कारखान्यातूनच हिरवट छटेची येते. समजा, बाजूच्या काचेतून शंभरापैकी 80 भाग उजेड येतो. तिच्यावर ‘पन्नास टक्क्यांचे’ पटल लावले, तर 80 चे निम्मे, म्हणजे 40 भागच आत येतील आणि नियम मोडला जाईल. त्याच काचेवर 65 टक्क्यांचे पटल लावले तर 52 भाग येतील, आणि मर्यादा जेमतेम पाळली जाईल. पुढच्या काचेचे गणित याहून नाजूक आहे. 80 टक्क्यांच्या काचेवर 88 टक्क्यांचे पटल लावले तर सुमारे 70 उरतात. पण काच मुळात 76 टक्क्यांची असेल तर तेच पटल लावल्यावर 67 च उरतात. म्हणून पटल निवडण्यापूर्वी उघड्या काचेतून किती उजेड येतो हे दुकानातल्या मापकयंत्राने मोजून घ्यावे, बसविल्यावर पुन्हा मोजावे, आणि पटलाच्या निर्मात्याचे प्रमाणपत्र व पावती गाडीत ठेवावी.

हे आकडे केवळ दंड चुकविण्यासाठी आहेत असे मात्र कोणी समजू नये. चालक बाहेरचा आरसा पाहतो तो बाजूच्या काचेतूनच. भर दुपारी गडद काचेतूनही सारे स्वच्छ दिसते, म्हणून मालक समाधानी असतो. पण आषाढातल्या संध्याकाळी, बोरघाटात धुके उतरलेले असताना आणि काचेवरून पावसाचे ओघळ वाहत असताना, मुळातच अपुऱ्या असलेल्या उजेडातला अर्धा भाग काचेने गिळला म्हणजे दिवा नसलेली सायकल किंवा कडेने चाललेली डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसायला उशीर होतो. वय वाढते तशी डोळ्यांना उजेडाची गरज वाढते, हेही घरातल्या वडीलधाऱ्या चालकांच्या बाबतीत विसरता कामा नये. शिवाय रस्ता ओलांडणारा मनुष्य चालकाच्या डोळ्यांकडे पाहून पाऊल टाकतो. त्याला चालकाचा चेहराच दिसला नाही, तर तो मुका संवाद तुटतो.

आता पटल बसविण्याविषयी. उत्तम पटलही वाईट हाताने बसविले तर वाया जाते. जागा बंदिस्त आणि धूळरहित असावी; रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसविलेल्या पटलाखाली धुळीचे कण हमखास अडकतात. कारागीर प्रथम काच सौम्य साबणाच्या पाण्याने धुतो आणि पात्याने खरवडून स्वच्छ करतो. मागील काचेवर धुके घालविण्याच्या ज्या बारीक तारा असतात, त्यांवरून मात्र पाते फिरवू नये, नाहीतर त्या तुटतात. मग पटल काचेच्या बाहेरच्या अंगावर ठेवून आकाराप्रमाणे कापतात, आणि वक्र काचेसाठी गरम हवेच्या झोताने ते आकसवून तिच्या गोलाईशी जुळवितात. त्यानंतर संरक्षक पदर सोलून, दोन्ही अंगांवर साबणाचे पाणी फवारून, पटल आतल्या बाजूस सरकवीत जागेवर आणतात. शेवटी रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी निपटून काढतात. पुढच्या काचेवर कॅमेरा किंवा पाऊस ओळखणारे यंत्र असल्यास तेवढा भाग मोकळा सोडणे अगत्याचे आहे. एका काचेवर पटलाचा एकच अखंड तुकडा असावा. सांधा दिसला तर काम कच्चे समजावे.

पटल बसविल्यानंतर तीन-चार दिवस काचा खाली करू नयेत. आरंभी दिसणारा दुधट पडदा आणि पाण्याचे बारीक बुडबुडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. चिकटद्रव्य सुकत जाते तसे ते विरतात. उन्हाळ्यात त्याला थोडे दिवस पुरतात, पावसाळ्यात काही आठवडे लागतात. पण ज्या फुगवट्याच्या पोटात धुळीचा कण आहे तो कधीच जात नाही, आणि तो दिसल्यास काम पुन्हा करून मागण्याचा गिऱ्हाइकास अधिकार आहे. पुढे काचा पुसताना मऊ कापड आणि साधे पाणी वापरावे; अमोनियायुक्त द्रावणाने पटलाचे आयुष्य घटते.

एवढे सर्व करूनही एक मर्यादा ध्यानी ठेवली पाहिजे. पटल उष्णता कमी करते, नाहीशी करीत नाही. कितीही महाग पटल असले तरी बंद गाडीत मूल, वृद्ध किंवा मुका प्राणी पाच मिनिटेही एकटा ठेवू नये. गाडी सावलीत उभी करणे, उभ्या गाडीच्या पुढील काचेआड परावर्तक पडदा टेकविणे, आणि निघण्यापूर्वी समोरासमोरची दारे उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ देणे, हे उपाय जवळजवळ फुकट आहेत आणि पटल असो वा नसो, उपयोगी पडतात.

घराच्या खिडकीला आपण वाळ्याचा पडदा लावतो तो ऊन निवविण्यासाठी. खिडकी भिंतीसारखी लिंपून टाकावी असे कोणाच्या मनात येत नाही. मोटारीच्या काचेविषयीही हेच तारतम्य राखावे. आतल्यांना गारवा मिळावा हे योग्यच. पण बाहेरचा रस्ता आणि त्यावरून चालणारा मनुष्य दिसेनासा करून मिळविलेला गारवा फार महागात पडतो.