घाट, डबलसीट आणि अश्वशक्ती

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटर उंच आहे, तर पाचगणी सुमारे 1290 मीटर. म्हणजे बारा-साडेबारा किलोमीटरच्या रस्त्यात आपण 570 मीटर वर चढतो.

आमचे एक शिक्षक मित्र हा घाट रोज चढतात. गाडी शंभर सीसीची, दहा-बारा वर्षे वापरलेली. मागे शाळेतलेच एक सहकारी बसलेले. त्यांची तक्रार अशी की वळणावर गाडी मंदावली की पुन्हा वेग घेत नाही आणि मागून येणारी एस.टी. अगदी पाठीशी येऊन उभी राहते. शाळेत पोचेपर्यंत कंबर धरते आणि बोटे इतकी बधिर होतात की पहिल्या तासाला खडू नीट धरता येत नाही. आता जास्त ताकदीची, आरामशीर गाडी घ्यायची असे त्यांनी ठरवले. पण किती ताकदीची? माहितीपत्रके समोर मांडली तर प्रत्येकात दहा-बारा आकडे. त्यांतला कोणता आकडा पाहायचा?

हा प्रश्न नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाने सोडवता येतो. चला, सोडवून पाहू.

प्रथम उंचीचे गणित करू. गाडी 112 किलो, मित्र 70, सहकारी 65 आणि पिशवी 3 किलो धरू. एकूण 250 किलो. गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10 घेऊ. 570 मीटर चढण्यासाठी लागणारी ऊर्जा 250 × 10 × 570, म्हणजे सुमारे 14 लाख ज्यूल. सरासरी वेग ताशी 36 किलोमीटर (सेकंदाला 10 मीटर) धरला तर घाट चढायला सुमारे 1250 सेकंद लागतील. म्हणून शक्ती सुमारे 1140 वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 736 वॅट. म्हणजे उंची चढण्यासाठी अवघी दीड अश्वशक्ती पुरते! मग आठ अश्वशक्तीची गाडी धापा का टाकते?

कारण सरासरीने फसगत होते. घाटाचा चढ सगळीकडे सारखा नसतो. गाडी अडते ती अवघड वळणावर, म्हणून हिशेब तिथला करायला हवा. समजा, तिथे चढ दहास एक आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. तिथे गाडीला मागे खेचणारी बले तीन :

चढामुळे : वजनाचा दहावा भाग, 250 न्यूटन.
टायर रस्त्यावर फिरताना होणारा रोध : वजनाच्या सुमारे 2 टक्के, 50 न्यूटन.
हवेचा रोध : या वेगाला सुमारे 36 न्यूटन.

बेरीज 336 न्यूटन. त्याला वेगाने गुणले की 3360 वॅट, म्हणजे साडेचार अश्वशक्ती. हे झाले एकसारख्या वेगाने जाण्यासाठी. पण वळणावर वेग ताशी 18 किलोमीटरपर्यंत (सेकंदाला 5 मीटर) उतरला असेल, तर तो पाच सेकंदांत पुन्हा 36 वर न्यायचा आहे. गतिज ऊर्जेतील वाढ अर्धा × 250 × (100 − 25), म्हणजे 9375 ज्यूल. पाच सेकंदांनी भागले की आणखी सुमारे 1900 वॅट. दोन्ही मिळून जवळजवळ 5.2 किलोवॅट, म्हणजे सात अश्वशक्ती. इथे आपण वळणाबाहेर पडतानाची, सर्वांत जास्त गरज धरली आहे.

आता इंजिनाकडे वळू. माहितीपत्रकात दोन आकडे ठळक असतात, शक्ती आणि टॉर्क. टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवणारा जोर, शाळेच्या भाषेत बलाचे आघूर्ण. पान्ह्याने नट फिरवताना आपण जो जोर लावतो तोच हा. शक्ती म्हणजे हा जोर गुणिले फिरण्याचा वेग. म्हणून लहान जोर असलेले इंजिनही खूप जोरात फिरवले की मोठी शक्ती देते. माहितीपत्रकातील कमाल शक्ती ही त्या विशिष्ट फेऱ्यांनाच मिळते, एरवी नाही. शंभर सीसीच्या स्प्लेंडर प्लसची बीएस-6 पिढीतील कमाल शक्ती 5.9 किलोवॅट आहे, पण ती मिनिटाला 8000 फेऱ्यांना. कमाल टॉर्क 8.05 न्यूटन-मीटर, 6000 फेऱ्यांना. त्या वेळी शक्ती किती? मिनिटाचे फेरे 60 ने भागून 2π ने गुणले की कोनीय वेग मिळतो. त्याला टॉर्कने गुणले की उत्तर 5.1 किलोवॅट.

गरज 5.2 आणि हाताशी 5.1! शिवाय साखळी आणि गिअर यांत काही शक्ती वाया जाते. पाचगणीच्या उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, तेव्हा शक्ती आणखी सुमारे दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे कोणतीही नवी शंभर सीसीची गाडीही इथे अगदी काठावर असते. सपाट रस्त्यावर मात्र हीच गाडी उत्तम. तिथे ताशी 54 किलोमीटरला दोन माणसांसह अडीच-पावणेतीन अश्वशक्ती पुरते.

आता दोन मोठ्या गाड्यांसाठी हेच गणित करू. बीएस-6 पिढीतील पल्सर 150 : वजन 148 किलो, कमाल टॉर्क 13.25 न्यूटन-मीटर, 6500 फेऱ्यांना. 2021 मध्ये आलेली नव्या इंजिनाची क्लासिक 350 : वजन 195 किलो, कमाल टॉर्क 27 न्यूटन-मीटर, 4000 फेऱ्यांना. माणसे आणि पिशवी तीच. त्याच वळणावर मिळणारी उत्तरे अशी :

शंभर सीसी : गरज 5.2 किलोवॅट, कमाल टॉर्कच्या वेळी उपलब्ध 5.1.
दीडशे सीसी : गरज 5.9, उपलब्ध 9.0.
साडेतीनशे सीसी : गरज 6.9, उपलब्ध 11.3.

हे आकडे नीट पाहा. शंभरवरून दीडशेला गेल्यावर उपलब्ध शक्ती गरजेच्या दीडपट होते. दीडशेवरून साडेतीनशेला गेल्यावर हे प्रमाण 1.5 चे जेमतेम 1.6 होते. शक्ती वाढली खरी, पण गाडीचे 47 किलो जास्तीचे वजनही घाट चढवावे लागते. म्हणून नुसती अश्वशक्ती पाहू नये. ती किती किलोंना ओढायची आहे ते पाहावे, आणि त्या किलोंत आपले व मागच्याचे वजनही धरावे.

मग मोठ्या इंजिनाचा फायदा काय? फायदा आहे, आणि तो आरामाचा आहे. ही शक्ती ते 4000 फेऱ्यांनाच देते, 6500 पर्यंत पळावे लागत नाही. इंजिनात दट्ट्या खाली-वर होतो, त्याला प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून दिशा बदलावी लागते. त्यासाठीचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाच इंजिनाचे फेरे दुप्पट केले की हादरवणारे बल चौपट! बोटांना येणारी बधिरता ही याच कंपनांची करामत. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100 कंपने, आणि ती हँडलमधून थेट तळहातात येतात. त्यावर उपाय म्हणून काही इंजिनांत उलट दिशेने फिरणारा एक तोलदांडा बसवतात. तो दट्ट्याच्या हादऱ्याला विरोधी हादरा देऊन बराचसा निष्प्रभ करतो. गाडी पसंत करताना हा दांडा आहे का, हे जरूर विचारावे.

कंबरेचे दुखणे मात्र इंजिनाशी नव्हे, तर बैठकीशी निगडित असते. सीट, हँडल आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंचा त्रिकोण आपल्या शरीराला जुळायला हवा. पुढे झुकून बसावे लागले तर धडाचा भार मनगटांवर येतो. फूटरेस्ट फार मागे असतील तर गुडघे दुमडून राहतात. पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेले आणि थांबल्यावर दोन्ही पावले जमिनीला टेकलेली, अशी बैठक रोजच्या प्रवासाला चांगली. दुकानात दोन मिनिटे बसून हे कळत नाही. मागे माणूस बसवून निदान अर्धा तास गाडी चालवून पाहावी.

वजनाचा हिशेब उतरतानाही द्यावा लागतो. वर साठवलेली स्थितिज ऊर्जा घाट उतरताना कुठेतरी जिरवायची असते. शंभर सीसीच्या गाडीला ती 14 लाख ज्यूल, तर साडेतीनशे सीसीच्या गाडीला सुमारे 19 लाख. काही ऊर्जा हवा व टायर घेतात, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनही ब्रेकचे काम करते. आपल्याकडे 125 सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू नये, याची काळजी ही योजना घेते. पावसाळ्यातल्या घाटात तिचे मोल मोठे. आणि हो, शाळेच्या आवारात वीसास एक असा उतार असेल तर 195 किलोची गाडी वर ढकलण्यासाठी सुमारे 14 किलो वजन उचलण्याइतका जोर लावावा लागतो. 112 किलोच्या गाडीला आठ किलोइतका पुरतो. रोज दोनदा करायचे काम आहे हे!

आमच्या मित्रांनी हे सारे आकडे वहीत मांडले. त्यांची उंची बेताची, गाडी ठेवायची जागा चढावर. त्यांनी दीडशे सीसी वर्गातली, तोलदांडा असलेली गाडी घेतली. उरलेल्या पैशांतून स्वतःसाठी आणि सहकाऱ्यासाठी दोन चांगली हेल्मेटे आणली. उंचापुरा, रोज लांबचा पल्ला गाठणारा दुसरा कोणी मोठे इंजिन घेईल, आणि सपाट रस्त्याने एकटा जाणाऱ्याला शंभर सीसी पुरेल. गणित एकच, फक्त त्यात भरायच्या संख्या आपापल्या.

शक्तीचा हा हिशेब वर्गातही करून पाहता येईल. शाळेच्या जिन्याची उंची मोजा. एकेका विद्यार्थ्याला कठड्याच्या बाजूने, न ढकलता, झपझप वर जाऊ द्या आणि सेकंद मोजा. 45 किलोचा मुलगा तीन मीटर उंची चार सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती 45 × 10 × 3 ÷ 4, म्हणजे सुमारे 340 वॅट होते. जवळजवळ अर्धी अश्वशक्ती! मग त्याच मुलाला पाठीवर दप्तर घेऊन चढू द्या. वेळ किती वाढला? घाटात मागे माणूस बसल्यावर गाडीचे काय होते, ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.