आकृतीत नसलेली रेघ

कोनदुभाजक आणि शिरोलंब एकाच उदाहरणात आले, की मी मुलांच्या वहीत आधी आकृती बघतो. बहुतेकांनी त्रिकोण नकळत समद्विभुज काढलेला असतो. मग शिरोलंब, दुभाजक आणि मध्यगा एकाच रेघेवर येतात आणि सिद्ध काय करायचं तेच दिसेनासं होतं. त्रिकोण चांगला विषमभुज हवा.

त्यासाठी १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण नामी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ.स. ११५०) तो आहे. पाया १४ घ्यायचा. उरलेल्या बाजूंची बेरीज २८, वजाबाकी २. त्यांच्या गुणाकाराला पायाने भागलं की ४. पायात ४ मिळवून निम्मे केले की ९, वजा करून निम्मे केले की ५. शिरोलंबाने पायाचे पाडलेले हे दोन तुकडे. शिरोलंब अर्थातच १२. दुभाजक मात्र पाया १३:१५ या प्रमाणात विभागतो, म्हणजे ६.५ आणि ७.५. लहान बाजूकडून मोजलं तर लंबपाद ५ वर, दुभाजक ६.५ वर, मध्यबिंदू ७ वर. विषमभुज त्रिकोणात दुभाजक नेहमी असा शिरोलंब आणि मध्यगा यांच्या मध्येच असतो.

लंब आणि दुभाजक यांच्यातला कोन पायाच्या कोनांच्या फरकाच्या निम्मा. पायाचे कोन ७०° आणि ५०° असतील तर वरचा ६०°, त्याचा निम्मा ३०°. लंबाने ७०°च्या बाजूशी केलेला कोन २०°. राहिले १०°. इथवर सगळ्यांना जमतं.

गाडी अडते ती उदाहरणात परिकेंद्र आलं की. साध्य असं: शिरोबिंदू अ मधून निघणारा दुभाजक, शिरोलंब आणि परिवर्तुळाची त्रिज्या यांच्यामधला कोनही दुभागतो. मुलं कोनांना नावं देत बसतात आणि पान भरतं. अशा वेळी परिवर्तुळ काढून दुभाजक त्याला म मध्ये मिळेपर्यंत वाढवायचा. समान कोनांसमोरचे कंस समान, म्हणून म हा समोरच्या कंसाचा मध्य. परिकेंद्र प असेल तर पम पायाला लंब, म्हणजेच शिरोलंबाला समांतर. व्युत्क्रम कोन समान. शिवाय पअ आणि पम त्रिज्या, म्हणून तिथलेही कोन समान. झालं.

सिद्धता चार ओळींची, वेळ गेला तो एक रेघ सुचण्यात. म्हणून मुलांना एकच सवय लावतो: दुभाजक पायाशी थांबलेला दिसला, की तो पुढे वर्तुळाला कुठे भेटतो ते विचारायचं, आणि वाढवलेली रेघ ‘रचना’ म्हणून न विसरता लिहायची.