पॅड बांधून बसलेला माणूस

दिवाळीला वाशिमला गेले आणि तिथेच रेंगाळले. पुण्यात परतून करणार तरी काय? एका चॅनेलने 'दोन दिवसांत कळवतो' म्हणून दोन महिने लटकवलं होतं. वय अठ्ठावीस, हातात मास कॉमची डिग्री आणि खिशात फ्रीलान्सिंगचे उशिरा येणारे चेक. जाम टेन्शन!

आमचे बाबा रिटायर्ड पीटी सर. मॅच बघण्याचा त्यांचा फंडा वेगळाच. टीव्हीचा आवाज बंद आणि कॉमेंट्री स्वतःची! 'काहून एवढ्या पुढं फिल्डर उभा करून राह्यली ही?' वगैरे. आयुष्यभर शाळेच्या पोरांना शिकवलं, आता सोफ्यावरून टीम इंडियाला शिकवतात.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री मात्र ते गप्प झाले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. मैदानात नुसता कल्ला. आणि कॅप्टन हरमनप्रीत कौर एका शांत माणसाच्या पायाशी वाकली. कोच अमोल मुझुमदार.

'ह्याची गोष्ट माहीत आहे का तुला?' बाबांनी विचारलं. थोडी माहीत होती. उरलेली त्या रात्री बाबांकडून ऐकली, थोडी नंतर वाचून काढली.

१९८८ साल, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन पोरांनी ६६४ रन्सची नाबाद पार्टनरशिप केली. तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वेळी आचरेकर सरांचा तेरा वर्षांचा आणखी एक विद्यार्थी पॅड बांधून बसला होता. पुढचा नंबर त्याचा. दोन दिवस बसला, बॅटिंग आलीच नाही. तो अमोल.

पुढे रणजी पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० ठोकले. फर्स्ट क्लास पदार्पणातला तो तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड! मग १७१ फर्स्ट क्लास मॅचेस, ११,१६७ रन्स, ३० सेंच्युरी. २००६-०७ची रणजी ट्रॉफी मुंबईने त्याच्या कॅप्टनशिपखाली जिंकली. आणि इंडियाची कॅप? शून्य. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसलेले. इथे बाकी कुणाला जागा कशी मिळणार, बॉस! शेवटी आसाम आणि आंध्रकडून खेळून २०१४ मध्ये त्याने बॅट ठेवली.

इथून गोष्ट आपल्यासारख्यांच्या कामाची होते. खेळणं संपलं, आता काय?

अमेरिकेत याचं रेडीमेड उत्तर आहे. तिथे कॉलेज फुटबॉलच्या कोचचा रुबाब आपल्याकडच्या फिल्मस्टारसारखा. मैदान सोडलं की टीव्ही स्टुडिओतली खुर्ची तयार! ली कोर्सो कॉलेज टीम्सचा कोच होता. १९८७ मध्ये ईएसपीएनवर आला आणि २०२५ पर्यंत तिथेच रमला. निक सेबनने सात नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून २०२४च्या जानेवारीत निवृत्ती घेतली आणि पुढच्याच महिन्यात त्याच चॅनेलशी करार केला. कोचिंग आधी, कॅमेरा नंतर.

मुझुमदारने हा ट्रॅफिक उलटा चालवला. रिटायरमेंटनंतर तो कॉमेंट्री बॉक्समध्येही बसला, पण मैदानाची वाट सोडली नाही. नेदरलँड्सचा बॅटिंग कोच, राजस्थान रॉयल्सचा बॅटिंग कोच, २०१९च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेचा बॅटिंग कोच, २०२१ मध्ये मुंबईचा हेड कोच. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला टीम. माइक सोडून मैदानात जाणारा तो एकटाच नाही म्हणा. २०२३च्या आयपीएलमध्ये केदार जाधव जिओसिनेमावर मराठी कॉमेंट्री करत होता. बंगळुरूच्या टीमने त्याला जखमी डेव्हिड विलीच्या जागी बोलावून घेतलं!

पण दोन खुर्च्यांत फरक आहे. विश्लेषक बॉल पडून गेल्यावर बोलतो, कोचला बॉल पडायच्या आधी बोलावं लागतं. विश्लेषकाचा अंदाज चुकला तर जाहिरात लागते. कोचचा चुकला तर? २०२५च्या वर्ल्ड कपमध्ये भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडविरुद्ध लागोपाठ तीन मॅचेस हरला. ज्याने स्वतः इंडियाची कॅप घातली नाही तो काय शिकवणार, हा टोमणा तयारच होता. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने ३३८ रन्स केले. मुझुमदारने ड्रेसिंग रूममधल्या बोर्डावर एवढंच लिहिलं, की फायनलला जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक रन जास्त हवा. भाषण नाही, आकडेवारी नाही. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ रन्सवर नाबाद राहिली आणि भारताने ३४१ केले.

मोठी गोष्ट एका ओळीत सांगायची. मला वाटतं, हे कोचलाही यावं लागतं आणि माइकवाल्यालाही.

बाबांना म्हटलं, 'म्हणजे नुसतं पॅड बांधून बसून राहायचं?'

'नाही ना पोरी. तो बसून राह्यला काय? वीस वर्षं रन्स करत होता. कॅप त्याच्या हातात नव्हती, रन्स होत्या.'

मग आवाज बंद असलेल्या टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले, 'मलाबी एकदा जिल्ह्याच्या टीमचा कोच व्हायचं होतं.' अठ्ठावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांना पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. मी फक्त रिमोट घेऊन त्यांच्या हातात दिला.

सोमवारी चॅनेलला मीच फोन केला. जागा भरली होती. ठीक आहे. दुपारी लॅपटॉप उघडला आणि हा लेख लिहायला घेतला. बाबा मागे उभे राहून वाचत होते, अर्थात कॉमेंट्रीसकट.