पणजीचं माहेर कुठलं?

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या साध्या शेतमजुराचं घराणं शोधायचं, तर आधार चर्चच्या वहीचा. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम तिथे १५३८ मध्ये निघाला. पण गंमत बघा, बाळाच्या नोंदीत वडिलांचं नाव, आडनाव, १८१३ पासून कामधंदाही. आईचं मात्र बहुतेकदा नुसतं नाव! माहेर पुसलेलंच. मग लग्नाची नोंद धुंडाळायची. १७५४ पासून तिथे वधूचीही सही लागे. लिहिता न येणारी फुली मारायची. १८३७ मध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली, तेव्हा कुठे दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव आलं.

मैत्रिणींनो, तुमच्या पणजीचं माहेरचं नाव ठाऊक आहे? नसेल तर आजीला आजच विचारा. आणि हो, लिहून ठेवा!