जुगारात फसवले गेले, तर दाद कुठे?

विंचूर : लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांदा विकला आणि व्यापाऱ्याने पैसे थकवले, तर शेतकरी हिशेबपट्टी घेऊन समितीकडे जातो. तिथे भागले नाही, तर न्यायालय आहे. तेवढीच रक्कम पत्त्यांच्या डावात लबाडीने गेली तर? रहस्यकथांत इथूनच सूड सुरू होतो. झुंजार, काळापहाड वाचत वाढलेल्यांना तो चांगला ठाऊक आहे.

डॅशिएल हॅमेट यांच्या ‘द ग्लास की’ (१९३१) या कादंबरीत नेड बोमाँट घोड्यावरची पैज जिंकतो. त्याचे ३,२५० डॉलर न देताच बुकी न्यूयॉर्कला पळतो. बोमाँट मागे जातो आणि खून झालेल्या तरुणाची टोपी बुकीच्या खोलीत लपवून, खुनाचा आळ येण्याची भीती घालून पैसे वसूल करतो. दावा लावण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही.

आपल्याकडे दावा का चालत नाही?

भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ३०नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेले पैसे मागण्यासाठी दावा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये घेरुलाल पारख खटल्यात असा करार केवळ पैजेचा म्हणून बेकायदा ठरत नाही, असे म्हटले. पण रद्दबातल तो राहिलाच. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५च्या कायद्याने पैजेला पूरक असलेले व्यवहारही बाद ठरवले होते.

मग पोलीस?

खुणा केलेले पत्ते वापरणे ही फसवणूकच. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ त्यासाठी आहे. अडचण वेगळी आहे. राज्याच्या १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्डा चालवणाऱ्याबरोबर तिथे खेळताना सापडलेलाही गुन्हेगार ठरतो. म्हणजे तक्रारदाराने आधी आपण कुठे बसलो होतो, हे सांगायचे. अड्डेवाल्याचा खरा भरवसा पत्त्यांवर नसून या संकोचावर असतो.

गोव्यात काय?

तिथे १९७६च्या कायद्यात १९९२मध्ये दुरुस्ती होऊन परवान्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रानेही १९७६मध्येच कॅसिनो कायदा केला, पण तो कधी लागूच झाला नाही; २०२३मध्ये रद्द झाला.

परवानाधारक कॅसिनोला लबाडीची गरजही नसते. युरोपीय पद्धतीच्या रूलेट चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास ३५ पट मिळतात. लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाकडे राहतात, चाकाला हात न लावता.